सरकार बोलतं तेव्हा संशोधक काय मोजतात?

१९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांमधल्या १५० गावांत एक प्रयोग झाला. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. गावातली काही माणसं ठरवून रेडिओभोवती जमायची, कार्यक्रम ऐकायची, मग त्यावर आपसांत चर्चा करायची. चर्चेतून निघालेले प्रश्न आणि शंका पुण्याला कळवल्या जायच्या आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळायची. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले.

आकाशवाणीचे महासंचालक तेव्हा जगदीशचंद्र माथुर होते. साहित्याच्या वाचकांना ते ‘कोणार्क’ या हिंदी नाटकाचे लेखक म्हणून माहीत असतील. युनेस्कोची मदत होती. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे झालं आणि त्याची धुरा पॉल नॉयराट या समाजशास्त्रज्ञाकडे होती. माथुर आणि नॉयराट यांचा अहवाल १९५९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली मुख्य गोष्ट अशी : श्रोतामंडळं असलेल्या गावांमध्ये लोकांची माहिती लक्षणीय वाढली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे ती जेमतेम हलली. कार्यक्रम तोच, भाषा तीच, रेडिओ तसाच.

प्रयोगात त्रुटी होत्या. फरक एकत्र बसून चर्चा केल्यामुळे पडला, की आपल्या प्रश्नाला उत्तर येतं हे दिसल्यामुळे, की निव्वळ नियमित हजेरीमुळे, हे त्या रचनेतून वेगळं काढता येत नाही. पुढे ही योजना देशभर नेली तेव्हा पुण्यातलं यश तसं पुन्हा दिसलं नाही. तरीही ‘सरकारने लोकांशी कसं बोलावं’ या विषयावरचं गेल्या सत्तर वर्षांतलं संशोधन वाचताना मला हा प्रयोग पुन्हा पुन्हा आठवत राहतो. कारण या ज्ञानशाखेला जे सुरुवातीलाच जवळपास सापडलं होतं, ते ती दर वीस वर्षांनी विसरते आणि नव्या नावाने पुन्हा शोधते.

दोष कुणाचा?

पुण्याचा प्रयोग चालू होता त्याच दशकात या क्षेत्रातला सर्वांत वजनदार ग्रंथ तयार होत होता : डॅनियल लर्नर यांचा ‘द पासिंग ऑफ ट्रॅडिशनल सोसायटी’ (१९५८). मध्यपूर्वेतल्या मुलाखतींवर आधारलेल्या या पुस्तकात अंकाराजवळच्या बालगात या गावाची गोष्ट येते. गावचा प्रमुख परंपरेत सुखी, तर किराणा दुकानदार शहराची स्वप्नं पाहणारा. ‘तुम्ही देशाचे प्रमुख असता तर काय केलं असतं?’ या प्रश्नाला ज्याला उत्तर सुचतं तो आधुनिक. ज्याला सुचत नाही त्याला रेडिओ आणि सिनेमा दाखवा, म्हणजे हळूहळू सुचेल. चार वर्षांनी एव्हरेट रॉजर्स यांचं ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ आलं. नवी गोष्ट सर्वांत आधी स्वीकारणाऱ्यांपासून सर्वांत शेवटी स्वीकारणाऱ्यांपर्यंत त्यांनी जी उतरंड लावली, तिच्या तळाच्या गटाचं नाव होतं ‘लॅगार्ड’, म्हणजे रेंगाळणारे.

शब्दांकडे पाहा. बी-बियाणं घ्यायला पैसे नसणं, गेल्या वेळी सरकारी सल्ला ऐकून पीक बुडालेलं असणं, ही सगळी कारणं ‘रेंगाळणारा’ या एका शब्दात नाहीशी होतात. संदेश बरोबर आहे हे गृहीत आहे, पाठवणारा शहाणा आहे हेही गृहीत आहे. उरतो तो फक्त ऐकणाऱ्याचा दोष. रॉजर्स प्रामाणिक होते. १९७६च्या एका गाजलेल्या लेखात त्यांनी हा जुना साचा मोडीत निघाल्याचं लिहिलं आणि व्यक्तीला दोष देण्याच्या संशोधकांच्या सवयीवर पुढेही टीका करत राहिले. पण तोवर तो साचा अनेक देशांच्या मंत्रालयांत पोहोचला होता. ‘जनजागृती’ हा आपला लाडका सरकारी शब्द त्याच कुळातला. जागृती करायची म्हणजे समोरचा झोपलेला असणार.

मेंढपाळांना काय माहीत होतं

या गृहीताला तडा कसा गेला हे समजून घ्यायचं तर इंग्लंडच्या उत्तरेला, कंब्रियाच्या डोंगरात जावं लागतं. एप्रिल १९८६मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. मे महिन्यातल्या पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम या डोंगरांवर उतरलं. जूनमध्ये सरकारने तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि सांगितलं की ही फक्त तीन आठवड्यांची गोष्ट आहे.

ती तीन आठवड्यांची नव्हती. सरकारी शास्त्रज्ञांचा अंदाज चिकणमातीच्या अनुभवावर बेतलेला होता. अशा मातीत सीझियम अडकून पडतं. कंब्रियाच्या डोंगरांवरची माती आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींची. तीत ते मोकळं राहतं, गवतात चढतं, मेंढीच्या पोटात जातं आणि लेंडीवाटे परत मातीत येतं. ब्रिटनमधले या बंदीचे शेवटचे अवशेष उठले ते २०१२मध्ये.

समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी तिथल्या मेंढपाळांशी दीर्घ बोलून लिहिलेला १९९२चा निबंध मला या सगळ्या क्षेत्रातलं सर्वोत्तम लेखन वाटतं. मेंढपाळांनी सरकारवरचा विश्वास गमावला, पण त्याचं कारण त्यांना किरणोत्सार कळत नव्हता हे नव्हतं. आपल्याला जे कळतं त्याची विचारपूसही होत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. मेंढ्या दरीतल्या कुरणात हलवा, असा सल्ला आला; ते कुरण किती दिवसांत संपेल हे मेंढपाळाला माहीत होतं, सल्लागाराला नव्हतं. एका प्रयोगात जमिनीवर खनिज टाकून परिणाम पाहण्यासाठी मेंढ्या कुंपणात कोंडल्या गेल्या. मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्या कोंडल्या की खंगतात, हे मेंढपाळांनी सांगूनही. तो प्रयोग पुढे सोडून द्यावा लागला. शिवाय जवळच सेलाफील्डचं अणुकेंद्र होतं आणि १९५७मध्ये तिथे लागलेली आग लोक विसरले नव्हते. ‘हे सगळं चेर्नोबिलचंच’ असं सरकार ठामपणे म्हणू लागलं तेव्हा मेंढपाळांनी तो ठामपणा जुन्या हिशेबात धरला.

म्हणजे सरकारचं वाक्य हवेत येत नाही, आधीच्या सगळ्या वाक्यांच्या मागोमाग येतं. विन यांच्या निबंधानंतर ‘लोकांकडे माहितीची कमतरता आहे, ती भरून काढा’ या विचाराला निदान शोधनिबंधांत तरी उघडपणे पाठिंबा देणं अवघड झालं. १९९५मध्ये बरूक फिशहॉफ यांनी धोक्यांविषयीच्या संवादाचा वीस वर्षांचा इतिहास पायऱ्यांमध्ये मांडला. आधी वाटलं आकडे अचूक काढले की झालं. मग वाटलं आकडे सांगितले की झालं. मग समजावून सांगावेत, मग फायदा पटवून द्यावा, मग जरा नीट वागावं. शेवटी कुठे लक्षात आलं की लोकांना भागीदार करायला हवं. प्रत्येक पायरीवर संशोधक हुशार होते. प्रत्येक पायरीवर वाटत होतं की हीच शेवटची.

त्याही आधी, १९६९मध्ये, अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्यात काम केलेल्या शेरी अर्नस्टीन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी काढली होती. तीत ‘माहिती देणं’ तिसऱ्या पायरीवर आहे आणि ‘मत विचारणं’ चौथ्या. खरी सत्ता त्यांच्या वर सुरू होते. सरकारी संवादावरचं बहुतेक संशोधन तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच राहतं, हे अर्नस्टीन वाचल्यावर लपत नाही.

मग आम्ही आलो

‘आम्ही’ म्हणजे आकडेवाले. गेल्या पंधराएक वर्षांत या क्षेत्राची भाषाच बदलली. २००८मध्ये थेलर आणि सन्स्टीन यांचं ‘नज’ आलं, २०१०मध्ये ब्रिटिश सरकारने वर्तनशास्त्राचं स्वतःचं पथक काढलं. कर थकवणाऱ्यांना जाणाऱ्या पत्रात ‘बहुतेक लोक वेळेवर कर भरतात’ असं एक वाक्य घातलं की वसुली सुधारते, हा शोध जगभर गाजला. प्रश्न आता असा विचारला जाऊ लागला : पत्र अ की पत्र ब?

हा प्रश्न मला चांगला ओळखीचा आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि आमच्याकडे ए/बी टेस्ट ही चहाइतकी रोजची गोष्ट आहे. निम्म्या लोकांना बटणावर ‘पुढे जा’ दिसतं, निम्म्यांना ‘आत्ताच सुरू करा’. दोन आठवड्यांनी जास्त क्लिक मिळवणारं बटण जिंकतं. ही पद्धत प्रामाणिक आहे. साहेबाला काय वाटतं यापेक्षा लोक काय करतात याला तिच्यात किंमत आहे. पण हे पान मुळात हवंच कशाला, हा प्रश्न तिच्यात बसत नाही, कारण ज्याला ‘ब’ नाही ते मोजता येत नाही.

या लाटेचं सर्वांत मोठं श्रेय असं, की तिने स्वतःची झडती घेतली. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी अमेरिकेतल्या दोन मोठ्या नज-पथकांचे सगळेच्या सगळे १२६ प्रयोग गोळा केले. त्यांत २ कोटी ३० लाख लोक होते. विद्यापीठीय नियतकालिकांत छापून आलेल्या प्रयोगांचा सरासरी परिणाम ८.७ टक्के-अंकांचा होता. पथकांच्या छापून न आलेल्या प्रयोगांसकट हिशेब केला तर तो १.४. या तफावतीचा मोठा भाग एवढ्यावरून येतो की ज्या छोट्या प्रयोगांत नशिबाने मोठा परिणाम दिसला तेच छापले जातात. हा निबंध २०२२मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त आला. लर्नरच्या काळात असं कुणी करणं शक्य नव्हतं, कारण तेव्हा फसलेल्या प्रयोगांची यादीच ठेवली जात नव्हती.

पण १.४ हा आकडा मला दुसरंच काही सांगतो. तो सांगतो की वाक्यं बदलून जे साधायचं ते थोडं असतं. अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या कर-सवलतीचं उदाहरण पाहा. पात्र असलेल्या कुटुंबांपैकी सुमारे एक-पंचमांश ती मागतच नाहीत. २०१५च्या एका गाजलेल्या प्रयोगात भार्गव आणि मॅनोली यांनी साधी, सुटसुटीत सूचना पुन्हा एकदा पाठवली आणि बऱ्याच लोकांनी सवलत मागितली. पुढे लिनोस आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात सहा प्रयोग केले, एकूण दहा लाख नोंदींवर. मजकूर बदलला, मांडणी बदलली, पाठवणारा बदलला, माध्यम बदललं. परिणाम शून्य.

असं का? पहिल्या प्रयोगातल्या लोकांनी कराचं विवरणपत्र आधीच भरलं होतं. एक कागद भरून परत पाठवणं एवढंच बाकी होतं. कॅलिफोर्नियात अडचण विवरणपत्र भरण्यापाशीच होती. शेवटचं दार किलकिलं असेल तर चांगलं वाक्य ते ढकलू शकतं. भिंत असेल तर वाक्य कितीही गोड करा. पामेला हर्ड आणि डॉनल्ड मोयनिहॅन यांनी या भिंतीला ‘प्रशासकीय ओझं’ म्हटलं आणि त्याचे तीन भाग केले : माहिती मिळवण्याचे कष्ट, कागदपत्रांचे कष्ट आणि मनाला होणारा जाच. संदेशांवरचं संशोधन यांतल्या पहिल्याभोवतीच घुटमळतं, कारण तेवढंच संदेशाने हलतं.

‘कळविण्यात येते’

अलीकडचा आणखी एक निष्कर्ष मराठी वाचकाने थांबून वाचावा असा आहे. सरकारी पत्रं मैत्रीपूर्ण, सोपी, रंगीत असावीत असा सल्ला गेली अनेक वर्षं दिला जातो. लिनोस आणि सहकाऱ्यांनी २०२४मध्ये दाखवलं की अमेरिकेत औपचारिक दिसणारी सरकारी पत्रंच अधिक परिणामकारक ठरतात, जाणकारांचा अंदाज उलटा असूनही. औपचारिक पत्र खरं वाटतं, महत्त्वाचं वाटतं.

हा निष्कर्ष उचलून ‘बघा, शासकीय मराठीच बरी’ असं म्हणायचा मोह कुणाला तरी होणार. मी म्हणेन, थांबा. तिथल्या औपचारिक पत्रात मुद्रा असते, खात्याचं नाव असतं, सरळ वाक्य असतं. आपली औपचारिकता व्याकरणात शिरलेली आहे. ‘आपणांस कळविण्यात येते की सदर अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.’ कोण कळवतं? कुणी नामंजूर केला? या वाक्यात कर्ताच नाही. क्रिया आपोआप घडते, पाऊस पडावा तशी. ज्या वाक्यात कर्ता नाही त्याला उलट प्रश्नही विचारता येत नाही. ‘नामंजूर’पेक्षा ‘नाकारला’ सोपा आहे का, हा वाद त्यामुळे मला दुय्यम वाटतो. कर्ता परत आणला तर काय होतं, हा प्रयोग मात्र मराठीत करण्याजोगा आहे.

आता यात मोबाइलची भर पडली आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्याची १६० अक्षरं होतात. देवनागरीत सहसा ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘महाराष्ट्र’ हा एकच शब्द दहा जागा खातो. म्हणजे मराठीत तेवढंच सांगायला दोन-तीन संदेशांचे पैसे पडतात. व्यावसायिक आणि सरकारी संदेशांचे साचे आधी नोंदवावे लागतात, त्यात मोकळ्या जागा ठेवून नाव-क्रमांक भरले जातात. आणि ज्या अक्षरी शीर्षकाखाली हे संदेश येतात त्याला उत्तर पाठवता येत नाही.

माझ्या मावशीला गेल्या वर्षी एका अनुदानाबाबत असाच संदेश आला : इंग्रजीत, दीड ओळ, ‘मिसमॅच’मुळे अर्ज नाकारला. कशाचा कशाशी मेळ बसला नाही ते त्यात नव्हतं. तिने चार वेळा वाचून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘याला उलट कुठे विचारायचं?’ ज्या यंत्रणेने तो पाठवला तिच्या नोंदीत त्या संदेशापुढे ‘डिलिव्हर्ड’ लिहिलेलं असणार. यावर कुणी अभ्यास केला तर तो यशस्वी संदेश म्हणूनच मोजला जाईल.

उलटा रस्ता

हे सगळं निराशाजनक नाही, कारण याच काळात, याच काटेकोर पद्धतीने, काही फार चांगली कामं झाली आहेत. ती एकत्र ठेवली की एक गोष्ट दिसते.

इंडोनेशियात गरिबांसाठी स्वस्त तांदळाची योजना होती. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी ५५०हून अधिक गावांत प्रयोग केला : काही गावांत लाभार्थ्यांना टपालाने एक कार्ड पाठवलं. प्रत्यक्ष हातात पडणारा लाभ २६ टक्क्यांनी वाढला. कार्डावर अधिकृत भाव छापला तेव्हा, न छापलेल्या कार्डांच्या तुलनेत, आणखी २१ टक्के. संशोधकांच्या मते हा परिणाम माहितीने माणसं ‘जागृत’ झाल्याने आला नाही. स्थानिक अधिकाऱ्याशी घासाघीस करताना लोकांच्या हातात काहीतरी आलं, म्हणून आला. कार्ड हे घासाघिशीचं हत्यार होतं.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. तेलंगणातल्या शेतकऱ्यांना रक्कम देण्याच्या योजनेत ५७ लाख शेतकरी होते. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस, संदीप सुखटणकर आणि जेफरी वीव्हर यांनी काही भागांतल्या अधिकाऱ्यांना एवढंच कळवलं, की शेतकऱ्यांना फोन करून ‘पैसे मिळाले का’ असं विचारलं जाणार आहे. पैसे न मिळालेल्यांची संख्या ७.८ टक्क्यांनी घटली. जादा पोहोचलेल्या प्रत्येक रुपयामागे खर्च ३.६ पैसे. शेतकऱ्याला काहीही पटवून द्यावं लागलं नाही. संदेश अधिकाऱ्याला गेला होता, आणि त्याचा अर्थ होता : आता ते बोलणार, आणि कुणीतरी ऐकणार.

कुणी म्हणेल, निव्वळ सांगण्यानेही फरक पडतोच की. पडतो. मे २०२०मध्ये पश्चिम बंगालमध्ये अडीच कोटी लोकांना बॅनर्जींच्या कोविडविषयक छोट्या चित्रफितींचे दुवे पाठवले गेले. गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांना लक्षणं कळवण्याचं प्रमाण दुप्पट झालं. हा निखळ संदेशाचा विजय आहे आणि तो मी नाकारत नाही. पण मोजलं काय गेलं ते पाहा : लोकांनी उलट येऊन सांगणं. ज्यांना सांगायचं त्या कार्यकर्त्या गावात होत्या, ओळखीच्या होत्या. दुसऱ्या टोकाला कान असल्यावर तोंडाचं काम सोपं झालं.

या शाखेवर माझा आक्षेप म्हणूनच आकड्यांबद्दल नाही. आकडेवाल्यांच्या आधीच्या पिढीने ‘दुतर्फा संवाद’ या शब्दाचा इतका जप केला, की ग्रुनिग आणि हंट यांच्या १९८४च्या पुस्तकातलं ‘दुतर्फा सममित’ प्रारूप प्रत्येक जनसंपर्क अधिकाऱ्याच्या सादरीकरणात जाऊन बसलं आणि कुणी काही मोजलं नाही. मोजायलाच हवं. आक्षेप आहे तो कुणाला मोजलं जातं याला. जवळपास सगळीकडे बदलायचं वर्तन नागरिकाचं असतं : त्याने कर भरावा, लस घ्यावी, अर्ज करावा. तेलंगणाचा प्रयोग वेगळा ठरतो, कारण तिथे मोजपट्टी कार्यालयाला लावली होती.

माहिती अधिकार कायदा, २००५च्या कलम ४(४)मध्ये म्हटलं आहे की सार्वजनिक माहिती पसरवताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातली सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी. हे सरकारचं कर्तव्य आहे, आणि ते पाळलं जातं का हे अगदी सहज मोजता येईल. एका तालुक्यातल्या नकाराच्या हजार संदेशांत कारण किती ठिकाणी लिहिलं होतं? कर्ता किती वाक्यांत होता? उलट विचारायला क्रमांक होता का, तो लागला का, आणि उत्तर किती दिवसांत आलं? कुठल्याही विद्यापीठातला एम.ए.चा विद्यार्थी एका सत्रात हे करू शकेल. त्यासाठी ना उपग्रह लागतो, ना नोबेलविजेता. पुण्याच्या आकाशवाणीत १९५६ साली गावांकडून आलेले प्रश्न वाचून कुणीतरी त्यांची उत्तरं तयार करत होतं. संशोधनाने आता त्या टेबलापाशी जाऊन बसावं.